गुरुवारी जेवताना

स्पिअरवुड, पर्थ
३ मार्च

आदरणीय क्लेममामांना,

मी दावोर मारुशिच, तुमच्या भाचीचा, टॅम्सिनचा नवरा. आपण लग्नात एकदाच भेटलोय. माझ्या काकांच्या गाडीचं इंजिन लांबून ऐकून तुम्ही म्हणाला होतात, "हिचा पट्टा पंधरा दिवसांत तुटणार." बाराव्या दिवशी तुटला. काका अजून तुमचं नाव काढतात.

कागदावर पत्र लिहायची ही माझी शाळा सुटल्यापासूनची पहिली वेळ, तेव्हा अक्षर सांभाळून घ्या. तुमच्याकडे फोन लागत नाही, नुसता चालू ठेवायलाही मनाई आहे, असं टॅमनेच कधीतरी सांगितलं होतं. म्हणून हा मार्ग.

रविवारी मी उठलो तर ती घरात नव्हती. ओट्यावर चिठ्ठी होती. जशीच्या तशी उतरवतो: "क्लेममामाकडे चाललेय. गुरुवारी जेवताना मी तुला जे सांगितलं, ते कागदावर लिहून पाठव. आलं की परत येते."

मामा, मला ते आठवत नाही.

गुरुवारी मासे होते, हे आठवतं. ती बोलत होती, हेही आठवतं. मी बहुतेक "हं, छान" म्हणालो. हातात फोन होता. माझं कामच तसं आहे. शहरात कुठे लिफ्ट बंद पडली की कुठल्या मिस्त्रीला तिकडे पळवायचं ते मी बघतो. माणसं आत अडकलेली असतात. पण तुमच्याशी खोटं कशाला बोलू, त्या गुरुवारी कोणीही अडकलेलं नव्हतं.

आमचं भांडण नाही. सहा वर्षांत आवाज चढला असेल तो दोन-तीनदा. म्हणून तर काही सुचत नाहीये. ती तुमच्याशी काही बोलली असेल तर कळवाल का? एक ओळ पुरे.

तुमचा
दावोर


वूंडारा बोअर, मर्चिसन
१२ मार्च

जावईबापू,

तुझं पत्र काल बुधवारच्या टपालगाडीने आलं. हीच गाडी शुक्रवारी परत खाली जाते, म्हणून लगेच उत्तर लिहायला बसलोय.

तू एक ओळ मागितलीस. माझ्यापाशी अर्धीही नाही. पोरीने मला काही सांगितलेलं नाही. आणि सांगितलं असतं तरी मी तुला दिलं नसतं. परीक्षा तुझी आहे, मी कॉपी कशाला पुरवू?

ती ठीक आहे. मटण खाते, पाव भाजते, माझ्या शर्टांना बटणं लावते. मी नको म्हटलं तरी लावते. पहाटे टाकीच्या चौथऱ्यावर जाऊन बसते आणि काकाकुवे पाण्यावर उतरून कलकलाट करून जाईपर्यंत हलत नाही. मी विचारलं, "काय बघतेस एवढं?" म्हणाली, "बघत नाही, ऐकतेय." म्हटलं, बरं आहे. माझ्याच वळणावर गेली.

कारण मी जो काही आहे तो या दोन कानांमुळे. तेराव्या वर्षी शाळा सोडली. एक उसना दोर, एक पाना आणि दुसऱ्याची खटारा गाडी घेऊन या भागात आलो. आज अडतीस बोअर आणि तितक्याच पवनचक्क्या माझ्या भरवशावर फिरतात. अर्धा मैल लांब असतानाच मी सांगतो, कुठल्या चक्कीचं तेल संपलंय. मालक आधी हसतात, मग तेल घालतात.

फोनबंदीचं तुला खरंच कळलेलं दिसतंय. इथून साठ किलोमीटरवर आकाश ऐकणाऱ्यांचा तळ आहे. लाल मातीत पत्र्याची हजारो झाडं लावावीत तसे त्यांचे अँटेना उभे आहेत. एवढ्या मुलुखात एक फोन जागा असला तरी कुणी त्यांच्या कानाशी येऊन बोंबलल्यासारखं होतं म्हणे. मला तर ही शांतता मानवते.

एक मात्र सांगतो. पोरगी तुझ्यासोबत राहून बिघडली आहे. मी हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळते. परवा म्हटलं, "नवऱ्याचा गुण उचलून आलीस वाटतं. समोर माणूस बोलतोय आणि बाईसाहेब आपल्याच नादात." हसेल असं वाटलं होतं. हसली नाही, उठून आत गेली.

डोकं खाजव आणि लिही.

क्लेम


स्पिअरवुड
१८ मार्च

क्लेममामा,

डोकं खाजवून झालं. चार गोष्टी सुचल्या. कृपा करून तिला वाचून दाखवा.

पहिली, माझी आई आमच्याकडे राहायला येतेय ते तिला नकोय. दुसरी, ती ज्या तलावावर मुलांना पोहायला शिकवते तिथे तिला वरची जागा मिळाली असेल आणि मी अभिनंदन केलं नसेल. तिसरी, कुत्रा आणायचा विषय. चौथी, मूल. तिला दिवस गेले असतील आणि मी त्यावर "हं, छान" म्हणालो असेन, तर मामा, मला तोंड दाखवायला जागा नाही.

पण एक सांगतो, चिडून नाही. फोन काय फक्त मीच बघतो का? तीही बघते. तलावावरच्या बाया तिला दिवसभर काहीबाही पाठवतात. आमच्या ओळखीच्या सगळ्या घरांत जेवणाच्या टेबलावर चार ताटं आणि चार फोन असतात. मग माझ्याच वाट्याला ही शिक्षा का?

हे शेवटचं तिला वाचून दाखवू नका.

दावोर


वूंडारा बोअर
२६ मार्च

दावोर,

सगळं वाचून दाखवलं, शेवटचंही. मी काही तुझा वकील नाही.

ती लाल भोपळा चिरत होती. आईचं ऐकून म्हणाली, "आईंशी माझं छान जमतं, याच्यापेक्षा." जागेचं ऐकून मान हलवली. कुत्र्याला हसली. चौथ्या गोष्टीपाशी सुरी थांबली. मला वाटलं, लागला नेम. पण ती म्हणाली, "नाही रे मामा. चारातलं एकही नाही. आणि त्याला सांग, ही काही लॉटरी नाही, तिकिटं काढत बसायला." मग भोपळ्याचे इतके बारीक तुकडे केले की भाजी सोडून सूपच करावं लागलं.

आता खरी हकीकत सांगतो. ती लिहायला मी दोन दिवस शब्द शोधतोय.

गेल्या आठवड्यात आकाशवाल्यांच्या तळावरून लोरेल आली. इथल्याच मूळच्या वजारी लोकांतली मुलगी. तिचे आजोबा आणि मी एकत्र मेंढ्या हाकायचो. गाडीतून उतरली तीच म्हणाली, "क्लेम, तुमच्याकडून आवाज येतोय."

"माझ्याकडून? अगं, माझी एक चक्की करकरत असेल तर दाखव."

"चक्की नाही हो. दुसरा आवाज. आमच्या यंत्रांना ऐकू येणारा. रोज संध्याकाळी सहाला सुरू, सव्वासहाला बंद."

मी छातीठोक सांगितलं, हे विजेच्या कुंपणाचं काम. तीन दिवस कुंपण बंद ठेवलं. एडका माझ्या भाजीच्या वाफ्यात शिरला आणि टोमॅटोचा फडशा पाडून गेला. आवाज तसाच. चौथ्या दिवशी लोरेल सहाच्या सुमाराला हातात छोटा अँटेना घेऊन आली. पाणाडी फिरतो ना हातात काठी धरून, अगदी तशी अंगणभर फिरली. पडवीतून स्वयंपाकघरात आली आणि थेट टॅमच्या खोलीच्या दारात थांबली.

पोरगी पलंगाच्या कडेला बसली होती. फोन कानाशी.

लोरेल रागावली नाही. तिने समजावलं की इथे टॉवर नाही, पण फोन गप्प बसत नाही. आपल्या घरच्या वायफायला तो नावाने हाका मारत राहतो, आहेस का, आहेस का. मग खिशातून कागद काढून म्हणाली, "तीन आठवडे आमच्या यंत्रात रोज संध्याकाळी हेच येतंय. 'भांडी तुझी'. तळावरचे शास्त्रज्ञ वेडे झालेत. कोण आहे हे भांडी तुझी?"

टॅम लालबुंद झाली. "आमच्या घरच्या वायफायचं नाव आहे ते. दावोरने ठेवलंय."

मला हसू आलं, पण टिकलं नाही. कारण मी लोरेलला विचारलं, तुम्ही लोक ऐकता तरी काय एवढं? तिने सांगितलं. तारे पेटायच्या आधी, दावोर, सगळा नुसता काळोख होता आणि त्यात वायू होता. त्या वायूची जी काही कुजबुज होती ती तेरा अब्ज वर्षं चालत आज या लाल मातीवर पोचतेय. चिलटाच्या पंखाहून हलकी. तिच्यासाठी हे सगळे कान लावून बसलेत. आयुष्यभर कानांचा तोरा मिरवला मी! आणि त्या कुजबुजीत त्यांना माझ्या भाचीच्या फोनने घराला मारलेल्या हाका ऐकू आल्या.

ती काय ऐकत होती तेही सांगतो. लोरेलने फोन मागितला तेव्हा टॅम म्हणाली, "एकदाच. मग बंद करते." तुझा जुना आवाज आहे त्यात, सात-आठ सेकंदांचा. "टॅम, मी गाडी लावली, वर येतोय. काही हवंय का येताना? बरं नको, येतोच." एवढंच. तिने तो आधी डाव्या कानाला लावला, डोळे मिटून, चार वेळा. मग उजव्या कानाला एकदा. मग फोन बंद करून लोरेलच्या हातात ठेवला.

मला विचारशील तर पोरगी तुझ्यासाठी झुरतेय. नवीन तिकीट काढ.

क्लेम


स्पिअरवुड
१ एप्रिल

क्लेममामा,

तुमचं पत्र मी गाडीत बसून वाचलं. दोनदा वाचून मग घरात गेलो.

तो निरोप मला आठवत नाही. असे शेकडो पाठवले असतील. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी जिना चढतानासुद्धा तिच्याशी बोलायचो. ते केव्हा बंद झालं ते सांगता येणार नाही. कुठला एक दिवस नाही त्याचा.

तुमच्या पत्रानंतर मी एक उद्योग केला. त्या गुरुवारची संध्याकाळ फोनमधूनच उकरून काढली. फोनला सगळं आठवतं, मामा. जेवायला बसलो सात वाजता. सात वाजून चार मिनिटांनी मी मिस्त्री लोकांच्या गटात एक हसरं तोंड पाठवलं. सात-नऊला कुणा अनोळखी माणसाच्या होडीच्या फोटोला अंगठा दिला. सात-अकराला एक कुत्रा पंजाने दार उघडतो ते पाहिलं, दोनदा. सात-सोळाला फुटबॉलवर कुणाशी तरी वाद घातला. आठ ओळी लिहिल्यात मी त्या वादात! स्वल्पविरामासकट. सात-बावीसला टॅम उठली असावी, कारण तेव्हा मी तिलाच निरोप पाठवलाय: "कुठे गेलीस? चहा करतेस का?" ती शेजारच्या खोलीत होती.

मिनिटामिनिटाचा हिशोब आहे. फक्त तिचं वाक्य त्यात नाही. ते फक्त माझ्याकडे असायला हवं होतं.

तुमच्याकडे ते लोक तेरा अब्ज वर्षांपूर्वीचं ऐकायला बसलेत. आमच्या टेबलाची रुंदी तीन फूट आहे.

म्हणून मी आता तिकीट काढत नाही. तिने कागदावर लिहून मागितलं होतं, तर हे माझं उत्तर. तिला द्या:

टॅम, गुरुवारी तू काय सांगितलंस ते मला माहीत नाही. मी विसरलो नाही, मी ऐकलंच नाही. त्या वेळी कोणी अडकलेलं नव्हतं, काम नव्हतं, होडी होती आणि कुत्रा होता. तू परत सांगितलंस तर मी येऊन ऐकेन. नाही सांगावंसं वाटलं तर तेही मला समजेल.

दावोर


वूंडारा बोअर
९ एप्रिल

दावोर,

तुझा कागद तिने पडवीत उभ्यानेच वाचला, मग बसून वाचला, मग माझ्याकडे दिला. मी विचारलं, "काय मग, पास की नापास?"

म्हणाली, "मामा, गेल्या दोन वर्षांत तो आज पहिल्यांदा माझ्याशी बोललाय." आणि तोंड धुवायला गेली.

येऊन जा. शनिवारी, अठरा तारखेला. सकाळी लवकर नीघ. मुलेवा गावात पेट्रोल भर आणि फोन बंद करून तिथल्याच पंपावर ठेव. पंपावरची बाई सांभाळते, सगळ्यांचे ठेवते. पुढे रस्ता कच्चा आहे, कांगारू आडवे येतात, हळू चालव.

आता नीट वाच. तिने गुरुवारी काय सांगितलं होतं ते मला चार दिवसांपूर्वी कळलंय. तिने सांगू नको म्हटलंय, म्हणून सांगत नाही. कसं कळलं तेही नंतर लिहीन. तुझ्या मागच्या पत्रापर्यंत मी तुझ्यावर मनसोक्त हसलो होतो. आता नाही हसत. का ते कळेल.

एकच करायचं. टेबलाशी बसशील तेव्हा तिच्या उजव्या हाताला बस. आणि बोलताना तोंड तिच्याकडे असू दे.

क्लेम


वूंडारा बोअर
२३ एप्रिल

दावोर,

तुम्ही दोघं सोमवारी गेलात आणि घर एकदम रिकामं झालं. टॅमने शर्टांना इतकी बटणं लावून ठेवलीत की मला श्वास घ्यायला त्रास होतोय.

आता तुला तिच्या तोंडून कळलं आहे, तेव्हा माझी बाजू लिहितो. ही मी कुणाला सांगितली नसती. पण तू तुझा गुरुवार मला मिनिटामिनिटाने लिहून दाखवलास, तर मीही मागे कशाला राहू?

पाच तारखेला आम्ही लांबच्या बोअरवर गेलो होतो. चक्की फिरत होती, पाणी मात्र करंगळीएवढं. खोल बोअरचं दुखणं वरून दिसत नाही. सगळे पाईप उपसायचे तर दिवस जातो. म्हणून आमच्या धंद्यात आधी लांब पाना घेतात, एक टोक पाईपला टेकवतात आणि दुसरं कानामागच्या हाडाला. कानाच्या भोकात नाही, हाडाला. साठ मीटर खालची झडप गळत असेल तर ती हाडात ऐकू येते. मी ऐकलं, गळत होती. पोरीला म्हटलं, "ये, तूही ऐक, तुझ्या मामाने यावर घर बांधलंय."

टाकीमुळे तिला असं उभं राहावं लागत होतं की पान्यापाशी डावाच कान येत होता. ती नको म्हणाली. "या बाजूने उपयोग नाही मामा." मी म्हटलं, "बाजू कसली आलीय, टेकव."

टेकवला. दावोर, तिचं तोंड उघडं राहिलं. मला वाटलं, विंचू चावला. मग हळूच म्हणाली, "पाणी. मामा, पाणी पडतंय. खाली वाळू घासतेय. काहीतरी टकटक करतंय, चामड्यासारखं." म्हटलं, "चामड्याचाच वायसर आहे तो, झिजलाय." ती म्हणाली, "मला या कानाने ऐकू येतंय." आणि ती रडायला लागली, पण पाना काढेना. वर चक्की फिरतेय, खाली साठ मीटरवर पाणी ठिबकतंय आणि मध्ये ही पोरगी लोखंडाला कान लावून उभी. अर्धा तास. या मुलुखात मी पुष्कळ काही पाहिलंय. त्यात असं काही नव्हतं.

मग तिने सांगितलं. कानात तलावाचं पाणी गेलं असेल म्हणून डॉक्टरकडे गेली होती. त्या गुरुवारी डॉक्टर म्हणाले की आतलं इवलंसं हाड ताठर होतंय, डावा कान अर्धा गेलाय आणि उजवाही त्याच वाटेने जाईल. ऑपरेशन आहे, पण तिच्या आईचं फसलं होतं, म्हणून तिला धीर होत नाही. रोज सहाला तुझा आवाज लावून ती पाहायची, डाव्या कानाने तू अजून किती ऐकू येतोस. आणि मी लिहिलं, झुरतेय!

तिची आई वेरा, म्हणजे माझी सख्खी बहीण. शेवटची दहा वर्षं बहिरी होती. मी तिच्याशी ओरडून बोलायचो आणि दोन वाक्यांत कंटाळून चक्कीकडे निघून जायचो. तेच दुखणं तिची मुलगी घेऊन माझ्या घरात पाच आठवडे वावरत होती. हाक मारली की तिसऱ्यांदा वळायची. आणि मी, अर्ध्या मैलावरून तेल ओळखणारा, तिला टोमणे मारत होतो. माझ्याकडे तर फोनही नव्हता, दावोर. चक्क्या होत्या. तुला जे सगळं पाहायला मिळतं त्या फोनच्या खिडकीत, ते मला त्यांच्या आवाजात मिळायचं, आणि माणसं मागे उभी राहायची.

लोरेलला सांगितलं तर म्हणाली, हाडावरून ऐकवणारं यंत्र मिळतं, कानामागे लावायचं. तुमच्या डॉक्टरांना विचारा. नुसतं विचारू नका, उत्तर ऐकून या.

आणि एक. शनिवारी तुम्ही टाकीपाशी होतात तेव्हा मी मुद्दाम मेंढ्यांकडे गेलो होतो. लांबून एवढंच दिसलं की तू तिच्या मागे उभा राहून डोकं तिच्या डोक्याला टेकवलंस आणि ती मोठ्याने हसली. काय बोललास ते माझ्या कानांनाही पोचलं नाही. हे माझ्या आयुष्यात फार वेळा झालेलं नाही. म्हातारा माणूस आहे, जीव तळमळतोय. सांगायचं असेल तर सांग.

तुझा मामा
क्लेम


स्पिअरवुड
३० एप्रिल

प्रिय मामा,

आज गुरुवार. आत्ताच जेवणं झाली. टॅमने काय काय सांगितलं ते हवं तर क्रमाने लिहून देतो, पण त्यात तुम्हाला रस वाटायचा नाही. तलावावरच्या एका पोराने पाण्यात उडी मारायला चक्क आठव्या दिवशी होकार दिला, हे त्यातलं सगळ्यात मोठं.

मंगळवारी डॉक्टरांकडे दोघं गेलो. त्यांनी दोन दातांचा लोखंडी काटा वाजवून तिच्या कानामागे टेकवला. तुमच्या पान्याचंच धाकटं भावंड! तिने तुमची गोष्ट सांगितली तर डॉक्टर हसले आणि म्हणाले, "तुमच्या मामांनी माझं अर्धं काम केलं." आतली नस चांगली आहे. हाडावरून ऐकवणारं यंत्र जूनमध्ये लावून बघायचंय. उजव्या कानाचं काय होईल ते त्यांनाही सांगता येत नाही. ऑपरेशनचं तिने अजून ठरवलेलं नाही. मीही घाई करत नाही. कामाचा दुसरा फोन घेतलाय, तो माणूस अडकला तरच वाजतो. पहिला जेवताना गाडीत असतो. दोनदा उठून आणायला निघालो होतो, खोटं नाही सांगत. एकदा दारापर्यंत पोचलो.

मामा, तुम्ही स्वतःविषयी जे लिहिलंत ते मी टॅमला वाचून दाखवलं. तिने सांगायला सांगितलंय की तुम्ही तिसऱ्या हाकेपर्यंत थांबायचात. बरेच लोक पहिल्या हाकेनंतरच सोडून देतात.

आता शनिवारचं.

सातशे किलोमीटर मी मनात भाषण तयार करत आलो होतो. मुलेवात फोन ठेवला आणि पुढच्या कच्च्या रस्त्यावर ते भाषणही विसरून गेलो. तिकडे इतकं शांत होतं की गाडी बंद केल्यावर मला इंजिन थंड होतानाची टिकटिकही ऐकू आली. ती टाकीच्या चौथऱ्यावर बसली होती. मी तिच्या उजव्या हाताला बसलो. तिने लगेच ओळखलं, तुम्ही सांगितलं असणार. मग सांगितलं, एका वाक्यात, गुरुवारी सांगितलं असेल तसंच: "दावोर, माझे कान चाललेत."

मी म्हटलं, "परत सांग." तिने परत सांगितलं, थोडं सविस्तर. मी म्हटलं, "डॉक्टरकडे गेलीस तिथपासून सांग." मग तिने तिथपासून सगळं सांगितलं. दवाखान्यातल्या खुर्चीचा रंग, बसमधून परत येताना तिने मनात ठरवलेलं वाक्य, मासे तळताना त्याची केलेली उजळणी. मासे तळताना, मामा! मी त्या माशांना मीठ कमी आहे म्हणालो होतो.

मग तिने तुमच्या पान्याची गोष्ट सांगितली, पण पाना तुमच्या गाडीत होता आणि गाडी मेंढ्यांकडे. मी विचार केला, हाडच हवंय ना, तर हाड माझ्याकडेही आहे. मी मागे जाऊन उभा राहिलो आणि माझा जबडा तिच्या डाव्या कानामागच्या हाडावर टेकवला. केसांना धुराचा आणि मेंढ्यांचा वास येत होता. मी विचारलं, "येतंय का ऐकू?"

ती मोठ्याने हसली. म्हणाली, "येतंय की! ओरडतोस काय?"

मी तर कुजबुजत होतो, मामा.

तुमचा
दावोर